पाईपलाईन न बदलता गावातली पाणीगळती कमी करता येते का? सुरुवात कुठून करायची?

हो येते, नवीन पाईपांचं टेंडर काढायच्या आधी बाकीचं सगळं करून बघा. मी पाणीपुरवठ्याच्याच कामात आहे म्हणून हे ठामपणे सांगतो.

मेन लाईन फुटली की लगेच बोंब होते आणि लोक धावतात. मिनिटाला ५०० लिटर वाया गेलं तरी ८ तासांत दुरुस्ती झाली तर एकूण २.४ लाख लिटर. पण नळजोडणीच्या सांध्यातून मिनिटाला फक्त १० लिटर जमिनीत मुरत असेल आणि ६ महिने कुणाला पत्ताच लागला नाही तर २५ लाखांच्या वर जातं! म्हणजे खरा खेळ गळती किती दिवस चालू राहते याचा आहे.

म्हणून आधी नेटवर्कचे छोटे झोन पाडा, प्रत्येक झोनच्या तोंडाशी एक मीटर, आणि रात्री २ ते ४ मधलं रीडिंग घ्या. तेव्हा वापर जवळपास नसतो, तरी मीटर जोरात पळत असेल तर बहुतेक गळतीच. (हे २४ तास पुरवठा असेल तर, ठराविक वेळच पाणी सोडत असाल तर टाक्या भरत असतात आणि आकडा फसवतो.) मग त्याच झोनमध्ये लोखंडी रॉड व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर (व्हॉल्व्ह उघडबंद करायचा दांडा) टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावायचा, गळती जवळ असेल तर सलग सूं सूं ऐकू येतं, रहदारी नसल्याने रात्री जास्तच स्पष्ट. दुरुस्ती झाली की रात्रीचं रीडिंग परत घ्या, आकडा उतरला नाही तर अजून एक लीकेज आहे असं समजा.

दुसरं म्हणजे प्रेशर, याकडे फार दुर्लक्ष होतं. प्रेशर १० टक्के उतरवलं की गळतीही साधारण तेवढीच उतरते, प्लॅस्टिकच्या पाईपात चीर असेल तर त्याहून जास्त, शिवाय नवीन फुटणंही कमी होतं. रात्री वापर नसताना प्रेशर सगळ्यात जास्त असतं, म्हणून प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलाच पाहिजे.

आणि सगळा तोटा जमिनीत मुरत नाही, बंद किंवा मंद पडलेले मीटर आणि चोरीची कनेक्शनंही त्यात येतात. कंबोडियाच्या नोम पेन्ह शहरात १९९३ साली ७२ टक्के पाण्याचा पैसाच मिळत नव्हता, २००८ पर्यंत ते ६ टक्क्यांच्या आसपास आलं. तिथे जुने पाईपही बदलले, पण त्यासोबत प्रत्येक ग्राहकाला मीटर बसवला, बेकायदा जोडण्या शोधून काढल्या आणि बडी मंडळी असली तरी बिल भरायला लावलं.