आयकिडोतली नुरा कुस्ती

तुम्ही विचारलंय की आयकिडो ही जपानी युद्धकला काळाप्रमाणे बदलतेय, जो तो आपापल्या पद्धतीने शिकवतोय, मग त्यातला प्रामाणिकपणा आणि दर्जा टिकवायचा कसा? मी काही मोठा सेन्सेई, म्हणजे गुरुजी, नाही. पुण्यात नोकरीला असताना सहा वर्षं शिकलो, मग घरच्या कारणाने अमळनेरला परत आलो. इथे एका मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये, लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी, आम्ही आठ-नऊ जण सराव करतो. तेवढ्याच अधिकारावर लिहितो.

नुरा कुस्ती तुम्हाला माहीत असेल. जत्रेच्या फडात दोन पैलवान आधी ठरवून लढतात, एक पडतो, दोघं बिदागी वाटून घेतात. बघणारे जुने असतील तर दोन मिनिटांत ओळखतात आणि आरडाओरडा करतात. आयकिडोचं दुखणं तेच आहे. फक्त इथे आपण नुरा खेळतोय हे खेळणाऱ्यालाच कळत नाही.

मला ते कळलं आमच्या गल्लीतल्या एका पैलवानामुळे. पन्नाशीचा गडी, तरुणपणी आसपासच्या जत्रा गाजवलेला. एकदा सराव बघायला आला. मी मोठ्या रुबाबात म्हणालो, काका, मनगट धरा. त्यांनी धरलं. मी निक्यो, म्हणजे मनगट पिळायचा डाव, लावायला गेलो. त्यांच्या पंजावर माझा दुसरा हात दाबला, तळव्याची कड त्यांच्या मनगटावरून फिरवली आणि खाली दाबलं. पुण्यात एवढ्यावर समोरचा गुडघ्यावर यायचा आणि चटईवर थाप मारायचा. काका तसेच उभे. "आते काय करशी भाऊ?" असं विचारलं, मला हिसका देऊन जवळ ओढलं आणि दुसऱ्या हाताने माझा पट काढला. मी पाठीवर. मी म्हटलं, काका, यात तुम्ही पडायचं असतं. तर म्हणाले, "मी कसाले पडू?"

दोन दिवस झोप नीट लागली नाही. मग लक्षात आलं की निक्यो खोटा नव्हता, माझी सुरुवात खोटी होती. मी त्यांचा तोल मोडलाच नव्हता. ते दोन्ही पायांवर भक्कम उभे होते आणि मी नुसत्या मनगटाशी झोंबत होतो. आधी आतेमी, म्हणजे तोंडाकडे हात टाकून लक्ष आणि वजन हलवणं, ते मी कधीच सोडून दिलं होतं. कारण पुण्यात त्याची गरजच पडायची नाही. समोरचा आधीच पडायला तयार असायचा.

आता बदलाचं. "मूळ आयकिडो" शोधायला निघालात तर हाती फार लागणार नाही. संस्थापक मोरिहेई उएशिबा १९१५ साली होक्काइदोत सोकाकु ताकेदा यांच्याकडे दाइतो-र्यू जुजुत्सु ही जुनी जपानी झुंजकला शिकले, पुढे स्वतःच ते बदलत गेले. आयकिडो हे नाव १९४२ चं. युद्धाआधी त्यांच्याकडे शिकलेल्या गोझो शिओदांची योशिनकान ही शाखा कडक आणि कवायतीसारखी. केन्जी तोमिकी मूळचे जुदोवाले, त्यांनी स्पर्धा आणली, त्यात एकाच्या हातात खोटा मऊ सुरा असतो. उएशिबांना स्वतःला स्पर्धा नको होत्या. १९६९ ला ते गेले, १९७४ ला त्यांचे ज्येष्ठ शिष्य कोइची तोहेई यांनी वेगळी चूल मांडली. यातलं खरं कुठलं? कुस्तीही मातीतून मॅटवर आलीच की. खाशाबा जाधव मातीत वाढले, पण १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले ते मॅटवर. पायाखालचं बदललं तरी समोरचा चीतपट व्हायला तयार नव्हता, म्हणून ती कुस्ती राहिली.

म्हणून माझ्या मते सगळी जबाबदारी उकेवर, म्हणजे डाव झेलणाऱ्यावर आहे. हल्ला करायचा तर लागेल असा करावा. मूठ नाकापासून वीतभर लांबून गेली तर समोरच्याने हलायचं तरी कशाला? आणि तोल गेला नसेल तर उभं राहावं, मग समोर गुरुजी का असेनात.

पण याची उलटी बाजूही आहे, आणि नवशिके इथेच फसतात. कुठला डाव येणार हे आधीच माहीत असल्यामुळे हात ताठ करून अडवणं, हीसुद्धा लबाडीच. रस्त्यावर तुम्हाला कोण सांगून निक्यो लावणार आहे? आणि व्हिडिओ बघून "हे तर नाटक" म्हणणाऱ्यांनी कोतेगाएशी, म्हणजे मनगट बाहेर वळवून पाडायचा डाव, एकदा झेलून बघावा. तिथे माणूस उडी मारून पडतो ते मनगट वाचवायला.

दर्जा घसरतो तो आणखी एका ठिकाणी, पट्ट्यांच्या बाजारात. मी एका शिबिराला गेलो होतो, नाव सांगत नाही. तीन दिवसांची फी भरली की शेवटच्या दिवशी परीक्षा, आणि नापास कोणीच नाही. ज्याला मागे लोळण घेता येत नव्हती त्यालाही पुढचा पट्टा. जळगावच्या सराफाकडे सोनं नेलं तर तो आधी कस लावतो, मग भाव सांगतो. इथे भाव आधी.

आम्ही आता शेवटची दहा मिनिटं वेगळी ठेवतो. डाव ठरलेला नसतो, हल्ला करणारा मनात येईल तो करतो, आणि पडण्याचं बंधन कोणावर नाही. मीही त्यात असतो. माझा डाव पोरांसमोर फसतो, पहिले दोन महिने फार लाजल्यासारखं व्हायचं. एक-दोघं "सरांनाच जमत नाही" म्हणत सोडून गेले. राहिलेल्यांचे पाय मात्र आता बरे पडतात.

पैलवान काका हल्ली गुरुवारी येतात. गेल्या महिन्यात इक्क्योवर, म्हणजे कोपर दाबून खाली आणायच्या डावावर, एकदा खरंच गुडघ्यावर आले. उठून कोपर चोळत म्हणाले, "हाई बरं शे." निक्योला अजून हसतात.