नायिकेच्या मनातलं प्रेम पडद्यावर कसं आणायचं?

तुमची अडचण अशी की कादंबरी जुनी आणि गाजलेली, पटकथा दोन तासांची आणि प्रेम जवळजवळ सगळं नायिकेच्या मनात. म्हणून व्हॉइसओव्हर घ्यावा का, असं तुम्ही विचारताय. पहिल्या मसुद्यात तरी अजिबात घेऊ नका. निवेदनाची सोय झाली की आपण प्रसंग शोधायचंच सोडून देतो.

जेन ऑस्टिनच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' या कादंबरीवरचा १९९५चा चित्रपट पटकथेसाठी म्हणून पुन्हा बघा. नायिका एलिनॉर ज्याच्या प्रेमात पडते, त्या एडवर्डचा चांगुलपणा कादंबरीत आपल्याला बहुतेक सांगितला जातो. पटकथाकार एमा थॉम्पसननं तो दाखवायला एलिनॉरच्या धाकट्या बहिणीला, मार्गारेटला पुढे आणलं. पुस्तकात या मुलीला फारसं काम नाही. चित्रपटात वडील गेल्यावर ती टेबलाखाली लपून बसते, कुणाशी बोलत नाही. एडवर्ड तिला बाहेर ये म्हणत नाही. नाईल नक्की कुठे आहे ते बघायला तो एलिनॉरकडे नकाशा मागतो आणि दोघं मिळून भूगोलाची अशी काही वाट लावतात, की न राहवून पोरगीच बरोबर उत्तर देते. प्रेमाचा एक शब्द नाही, पण एलिनॉर या माणसात का गुंतली ते लख्ख कळतं. या पटकथेला ऑस्कर मिळालं, ते मला अगदी पटतं.

काटछाट करताना मात्र जपून. पहिली कात्री आत्या-मावश्यांवर चालते. ऑस्टिनच्याच 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधली लेडी कॅथरीन म्हणजे नायक डार्सीची नुसती खडूस मावशी वाटते, पण नायिका एलिझाबेथनं 'डार्सीशी लग्न करणार नाही' असं वचन द्यायला नकार दिला, हे त्याच्यापर्यंत पोहोचतं तिच्यामुळेच. त्यावरून त्याला पुन्हा आशा वाटते. १९९५च्या सहा भागांच्या मालिकेत ती आहेच, २००५च्या दोन तासांच्या चित्रपटातही आहे. तेव्हा पात्र उडवण्याआधी त्याच्यामुळे कुणाला काय कळतं, ते तपासा.

नवे प्रसंग घालायला माझी हरकत नाही. शरच्चंद्रांच्या 'देवदास'मध्ये पारो आणि चंद्रमुखी भेटत नाहीत. बिमल रॉय यांनी १९५५मध्ये त्यांना रस्त्यात नुसतं समोरासमोर आणलं, बोलू दिलं नाही. २००२च्या 'देवदास' चित्रपटात दोघी एकत्र नाचल्या. नाच देखणा आहे, पण मला रॉय यांचा प्रसंग जास्त लागतो, कारण दोघींमधलं अंतर तिथे शाबूत राहतं.

व्हॉइसओव्हर ठेवायचाच असेल, तर पत्रांपुरता ठेवा. पत्र वाचणाऱ्याचा चेहरा दाखवता येतो, आणि शब्द मूळ लेखकाचेच राहतात.