घरात एकही जुना फोटो नाही? बरं मग

अगं,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आजीवर डॉक्युमेंट्री करायचीय पण घरात फोटो नाहीत, व्हिडिओ नाहीत, विषय काढला की आजी उठून आत जाते, म्हणून प्रोजेक्टच सोडतेयस. थांब जरा. आधी अस्मा एल मुदीरचं ऐक.

मोरोक्कोची पोरगी, डॉक्युमेंट्री करते, जन्म 1990 चा. लहानपणीचा तिचा म्हणून घरात एकच फोटो, बालवाडीतली मुलं बसलीयत, आणि त्यातली आपण म्हणून दाखवतात ती मुलगी आपण नाहीच असं हिला वाटत राहायचं. आजीला घरात फोटो चालायचेच नाहीत, अपवाद फक्त मोरोक्कोचे तेव्हाचे राजे दुसरे हसन यांचा! असं का, हे खणता खणता ती पोचली जून 1981 च्या कॅसाब्लांकात. पीठ वगैरे महागलं म्हणून लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, सरकार म्हणालं 66 मेले, बाकीचे म्हणतात सहाशेच्या वर. गुपचूप पुरलेल्यांची सामूहिक कबर सापडली ती थेट 2005 मध्ये. आणि या सगळ्याचं फुटेज म्हणशील तर जवळजवळ शून्य.

मग फिल्म करायला हिने काय केलं, तर गवंडीकाम करणाऱ्या वडिलांना कामाला लावलं. त्यांनी अख्खा मोहल्ला छोटा करून बांधला, घरं, गल्ल्या, मातीची माणसं, आणि त्या माणसांचे कपडे आईने शिवले. त्या दंगलीत तुरुंगात गेलेला एक शेजारी खेळण्याएवढ्या कोठडीत बाहुल्या मांडत मांडत सांगायला लागतो, की माणसं इतकी कोंबली होती की श्वास कोंडून मेली. समोर खुर्चीवर बसवून विचारलं असतं तर बोलला असता का गं? मला नाही वाटत. मी एकदा माझ्या मामाला माईक लावून, प्रश्न वगैरे लिहून बसवलं होतं, चाळीस मिनिटं नुसतं हो नाही हो नाही. आठवड्याने तोच मामा पंख्याचा कपॅसिटर बदलता बदलता सगळं बोलून गेला आणि माझा कॅमेरा बॅगेत.

म्हणून आजीच्या मागे लागू नकोस, तिच्या हातात काहीतरी दे. आणि घाई नको, अस्माला ही फिल्म करायला दहा वर्षं लागली. मधे 2020 ला आईच्या सामानात सापडलेल्या एका पोस्टकार्डावरून वेगळी फिल्मही केली. या फिल्मला 2023 ला फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलच्या 'अन सर्टन रिगार्ड' विभागात बेस्ट डायरेक्टर, मग मोरोक्कोतल्याच माराकेश फेस्टिव्हलचं सर्वात मोठं बक्षीस, जे आधी कुठल्याच मोरोक्कन सिनेमाला मिळालं नव्हतं. पण तू बक्षिसांची यादी वाचत बसू नकोस, फिल्म बघ, 'कादिब अब्याद' नाव आहे, म्हणजे पांढरं खोटं, आणि त्यातली आजी नीट बघ. तुझ्या आजीसारखीच कडक आहे, हिने ते गोड करून दाखवलेलं नाही.

बरं, एक सांग, तुझे बाबा काय काम करतात? इतक्या गप्पा झाल्या पण हे कधी विचारलंच नाही मी.