सात मजली पुनर्विकासासाठी प्रायमाव्हेरा हे वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर घ्यावं का? त्याने खर्च खरंच आटोक्यात राहतो का?

तुमचा प्रश्न असा: बोरिवलीत एका सोसायटीचा पुनर्विकास घेतलाय, स्टिल्ट अधिक सात मजले. बार चार्ट एक्सेलमध्ये आहे. सल्लागार म्हणतो, प्रायमाव्हेरा घ्या, वेळ आणि खर्च दोन्ही हातात राहतील.

मी मुंबईतल्या साइटवर प्लॅनिंगचंच काम करतो, त्यामुळे स्पष्ट सांगतो. सात मजल्यांना प्रायमाव्हेरा लागत नाही. मेट्रो, पूल, सरकारी पॅकेज अशा कामांत टेंडरमध्येच त्याचं नाव लिहिलेलं असतं आणि अनेक कॉन्ट्रॅक्टरांची वेळापत्रकं एकमेकांत बसवायची असतात, तिथे ते शोभतं. तुम्हाला मायक्रोसॉफ्टचं एमएस प्रोजेक्ट भरपूर झालं. तेवढाही खर्च नको असेल तर प्रोजेक्टलिब्रे फुकट आहे आणि एमएस प्रोजेक्टच्या फाइल उघडतं.

आता खर्चाचं. समजा ब्लॉकवर्कचं बजेट २८ लाख, म्हणजे मजल्यामागे ४ लाख. आजच्या तारखेला प्लॅनप्रमाणे चार मजले व्हायला हवे होते, म्हणजे १६ लाखांचं काम. अकाउंटंट सांगतो, खर्च १५ लाख झाला. सगळे खूश, एक लाख वाचला! पण साइटवर चढून बघितलं तर पुरे झालेत तीनच मजले. म्हणजे १२ लाखांच्या कामाला तुम्ही १५ लाख घातलेत. १२ भागिले १५ म्हणजे ०.८, याला सीपीआय म्हणतात, म्हणजे घातलेल्या प्रत्येक रुपयामागे किती रुपयांचं काम झालं. याच चालीने गेलात तर २८ भागिले ०.८, म्हणजे ब्लॉकवर्क ३५ लाखांवर जाऊन थांबेल. सात लाखांचं भोक चौथ्या मजल्यालाच दिसतं. एक्सेलचा बार चार्ट आणि टॅलीचं लेजर वेगवेगळे ठेवलेत तर ते सातव्या मजल्यावर दिसेल, तेव्हा लेबर कॉन्ट्रॅक्टरशी भांडण्यापलीकडे हातात काही उरत नाही.

या हिशोबात दोन आकडे नेहमी खोटे येतात.

पहिला, काम किती झालं. मुकादमाला विचारा, ‘हो गया साब, बस थोडा बाकी है.’ ते थोडं महिनाभर थोडंच राहतं. एमएस प्रोजेक्टमधला ‘पर्सेंट कम्प्लीट’ हा रकाना दिवसांवर चालतो, कामावर नाही. दहा दिवसांच्या कामाचे पाच दिवस भरले की तो ५० टक्के दाखवतो, भिंत उभी असो वा नसो. म्हणून ‘फिजिकल पर्सेंट कम्प्लीट’ हा वेगळा रकाना वापरा आणि अर्न्ड व्हॅल्यूची (झालेल्या कामाची बजेटच्या दराने किंमत, वरचे १२ लाख) पद्धतही सेटिंगमध्ये जाऊन त्यावर बदला. टक्के कसे द्यायचे ते काम सुरू होण्याआधी ठरवा. स्लॅबला आम्ही साधारण असं धरतो: शटरिंग पूर्ण झालं की ४० टक्के, सळई बांधून चेक झाली की आणखी ३५, काँक्रीट पडलं की उरलेले २५. अधलंमधलं काही नाही. मुकादमाशी हुज्जतही संपते.

दुसरा, खर्च किती झाला. भाव उतरला म्हणून तुम्ही तीन स्लॅबची सळई एकदम उतरवून घेतली आणि बिल याच महिन्यात टाकलं, तर सीपीआय कोसळतो, उगाच घबराट होते. उलट लेबर कॉन्ट्रॅक्टरचं बिल पुढच्या महिन्यात येणार असेल तर या महिन्यात सगळं छान छान दिसतं. सळई वापरली तेवढीच खर्चात धरा, आणि झालेल्या पण बिल न आलेल्या कामाची रक्कम अंदाजाने का होईना, त्याच महिन्यात टाका. हे सॉफ्टवेअर आपोआप करत नाही. स्टोअरकीपर, साइट इंजिनिअर आणि अकाउंटंट आठवड्यातून एकदा एका टेबलावर बसले तरच होतं.

वेळापत्रक बनवताना एक गोष्ट कटाक्षाने टाळा: तारखा हाताने टाइप करू नका. एमएस प्रोजेक्टमध्ये सुरुवातीच्या रकान्यात तारीख टाकली की ‘याच्या आधी सुरू करू नका’ अशी अट तिथे आपोआप बसते. अशा शंभर अटी बसल्या की आधीचं काम लवकर संपलं तरी पुढचं काम जागचं हलत नाही आणि तुमचं सॉफ्टवेअर म्हणजे महागडं एक्सेल होऊन बसतं. कामं एकमेकांना लिंक करा, तारखा त्याला काढू द्या.

कॅलेंडरं निदान दोन करा. एक साइटचं, आठवड्याची सुट्टी धरून. होळीला आणि दिवाळी-छठला लेबर गावी जातं, ते दिवसही त्यात टाका. खोदाई आणि बाहेरचं प्लॅस्टर यांना पावसाळ्याचे चार महिने वेगळे धरा. दुसरं कॅलेंडर सातही दिवसांचं, क्युरिंग आणि टेके काढण्यासाठी, कारण काँक्रीट रविवारी सुट्टी घेत नाही. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधलं अंतर) स्लॅबचे टेके सात दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा. हे सात दिवस साइटच्या कॅलेंडरवर टाकले की प्रत्येक स्लॅबमागे एक रविवार फुकट जातो.

पुनर्विकासात सगळ्यात महाग गोष्ट बहुतेकांच्या वेळापत्रकात नसतेच: सभासदांना काम होईपर्यंत बाहेर राहायला द्यायचं भाडं. वीस सभासद, प्रत्येकी ४० हजार धरलं तर महिन्याला ८ लाख, काम चालू असो वा बंद. वॉचमन, क्रेनचं भाडं, कर्जाचं व्याज, सगळं याच जातीचं. यासाठी सुरुवातीपासून ओसीपर्यंत (राहायला जाण्याचा दाखला) ताणलेली एकच अ‍ॅक्टिव्हिटी ठेवा आणि तिच्यावर महिन्याचा खर्च चढवा. प्रायमाव्हेरात हिला ‘लेव्हल ऑफ एफर्ट’ म्हणतात, शेवट पुढे सरकला की ती आपोआप लांबते. एमएस प्रोजेक्टमध्ये थोडी कसरत करावी लागते, पण जमतं. मग प्लिंथ चेक होऊन पुढची सीसी (बांधकामाची परवानगी) यायला एक महिना उशीर झाला तर किती रुपये गेले, ते लगेच समोर दिसतं. हे एक केलंत तरी सॉफ्टवेअरचे पैसे वसूल. रेरावर दिलेली पूर्णत्वाची तारीखही माइलस्टोन म्हणून टाका आणि तुमचा बेसलाइनचा (सुरुवातीला गोठवलेल्या मूळ प्लॅनचा) शेवट तिच्या बराच अलीकडे ठेवा.

आणि सल्लागार म्हणतो तसं दोन्ही ‘हातात’ राहतीलच असं नाही. मुंबईच्या मेट्रो ३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला. तिथे सॉफ्टवेअर कमी होतं का? तिच्याच आरेतल्या कारशेडचं काम नोव्हेंबर २०१९ मध्ये थांबवलं गेलं आणि त्यावरची स्थगिती उठायला जुलै २०२२ उजाडला. असल्या गोष्टींना कुठलाही बार चार्ट पुरा पडत नाही. तुमच्याकडेही एखादा सभासद कोर्टात गेला तर तेच.

सल्लागार नेमणारच असाल तर करारात एक ओळ घाला: वेळापत्रकाची मूळ फाइल दर अपडेटला आम्हाला मिळेल. नुसती पीडीएफ घेतलीत तर एक लिंक बदलायलाही त्याच्याच दारात उभं राहावं लागेल, आणि त्याचं बिल वेगळं.