कुकरच्या शिट्ट्या आणि तिसऱ्यांदा नीट

परभणीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलीने दोनदा नीट दिली, दोन्ही वेळा गुण कमी पडले. आता ती फूड टेक्नॉलॉजीला जायचं म्हणते. ‘जंतू मारायला कुकरच्या चार शिट्ट्या पुरतात, त्यासाठी चार वर्षं कशाला घालवायची? तिसऱ्यांदा नीट द्यायला तिला कसं तयार करू?’ असं त्यांनी विचारलं आहे.

तुमच्या पत्रात क्लासची फी आहे, चुलतभावाचं एमबीबीएस आहे, नातेवाईक काय म्हणतील तेही आहे. लेकीचं म्हणणं मात्र एकाच वाक्यात आलंय: ती रात्री जागून ‘जिवाणूंच्या स्पोअरबद्दल काहीतरी’ वाचत होती, म्हणून तुम्ही तिचा मोबाइल काढून घेतला. मला तिच्या गुणांपेक्षा या वाक्याची जास्त काळजी वाटली. माझ्यासमोर बसलेल्या मुलांना ‘तुला स्वतःहून काय वाचावंसं वाटतं?’ असं विचारलं की बरीचशी आईकडे बघतात. तुमच्या मुलीकडे या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि त्याचीच तुम्ही तिला शिक्षा केलीत. हे चुकलं.

आता कुकरचं. कुकरमधला दाब जंतू मारत नाही. दाबामुळे पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं आणि जंतू मरतात ते त्या उष्णतेने. बोट्युलिझमची विषबाधा करणाऱ्या जिवाणूचे स्पोअर, म्हणजे कठीण काळ काढायला त्याने घेतलेली झोपी गेलेली, कवचबंद रूपं, तर फारच चिवट. त्यांच्या गाभ्यात पाणी अगदी कमी असतं. आंबट नसलेला पदार्थ डबाबंद करायचा तर त्याच्या मधोमध 121 अंशांची सुमारे तीन मिनिटं मिळावी लागतात. तोवर कडेच्या भाजीचा लगदा होतो. नुसता दाब द्यावा, तर 600 मेगापास्कललाही, म्हणजे सर्वांत खोल समुद्रतळावरच्या दाबाच्या पाचपटीहून जास्त दाबालाही, साधे जिवाणू मरतात पण स्पोअर तग धरतात. म्हणून दोन्ही एकत्र वापरतात. अन्न आधी 90 अंशांच्या आसपास तापवून मग तेवढा दाब दिला, की दाबल्यामुळेच ते आतबाहेर एकदम आणखी पंचवीस-तीस अंशांनी तापतं आणि दाब सोडताच तितकंच निवतं. अशा प्रक्रियेने निर्जंतुक केलेल्या कुस्करलेल्या बटाट्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2009 मध्ये हरकत नसल्याचं कळवलं. कमी दाबाने स्पोअरना आधी जागं करायचं आणि जागे झाल्यावर थोड्या उष्णतेने मारायचं, असाही एक मार्ग आहे. पण मोजके स्पोअर जागेच होत नाहीत, आणि संशोधकांचं घोडं तिथेच अडलंय. तुमची मुलगी रात्री हे वाचत होती.

रस्ते नेहमीचेच आहेत: एमएचटी-सीईटीवरून मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी) किंवा तुमच्याच परभणीचं अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय, जेईई मेनवरून निफ्टेम ही केंद्राची अन्नतंत्रज्ञान संस्था, पुढे एमएस्सीला म्हैसूरची केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था (सीएफटीआरआय). पहिली नोकरी बहुधा कारखान्याच्या क्वालिटी विभागात, शिफ्टची असेल. हे तिलाही माहीत असू द्या.

तिसऱ्यांदा नीटसाठी तिला तयार करायला मी मदत करणार नाही. ती स्वतः मागेल तर गोष्ट वेगळी.

मोबाइल आजच परत द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि ते न वाचता पाठवा. मला तिला एकच विचारायचंय: उष्णता पदार्थाच्या मध्यापर्यंत कशी पोचते याची गणितं चार वर्षं करायला तिला आवडेल, की तिचा जीव फक्त त्या स्पोअरमध्ये अडकलाय? तसं असेल तर आपण मायक्रोबायोलॉजीच्या बीएस्सीबद्दल बोलू.