टायफॉइड सांगितला, कारण नैराश्य सांगता आलं नाही

“मुलाकडच्यांना ह्यांची शुगर सांगितली, माझा थायरॉइडही सांगितला. हिच्या गोळ्यांचं सांगायचं का, मॅडम? सांगितलं तर स्थळ जाईल, आणि लपवलं तर उद्या फसवलं म्हणतील.”

सातारा जिल्ह्यातल्या एका आईचा, मुलीच्या नैराश्याच्या गोळ्यांबद्दलचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) लग्नाच्या वयाची मुलं घरात असलेले पालक वेगवेगळ्या शब्दांत हेच विचारतात. उत्तर ‘हो, सांगा’ असंच आहे. पण कुणी, कुणाला, कधी आणि किती सांगायचं यावर बरंच ठरतं. त्याआधी लपवण्याने या घरात काय झालं ते पाहू.

मुलगी २७ वर्षांची, पतसंस्थेत नोकरीला. दीड वर्षापूर्वी तिची झोप उडाली. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. वजन ६ किलोने उतरलं, बेरजा चुकायला लागल्या, सकाळी आंघोळीला उठणंही जड झालं. घरात दोन महिने ‘कसली कमी आहे तुला?’ एवढंच चाललं होतं. शेवटी फॅमिली डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी-१२ तपासलं. हे आधी बघावंच लागतं, कारण मंद थायरॉइडमध्ये आणि बी-१२ कमी असताना नैराश्यासारखीच लक्षणं दिसतात. रिपोर्ट नॉर्मल आले. मग मानसोपचारतज्ज्ञांनी मध्यम तीव्रतेच्या नैराश्याचं निदान केलं आणि एस्सिटॅलोप्रॅम सुरू केलं, पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम आणि पुढे १०.

ऑफिसात आणि नातेवाइकांत घरच्यांनी सांगितलं, टायफॉइड झालाय. टायफॉइड म्हटल्यावर सगळं मिळालं. शहाळी आली, सफरचंदं आली, ‘घाई करू नकोस, अशक्तपणा जाऊ दे’ असे फोन आले. तीच मुलगी, तेच उतरलेलं वजन, तीच रजा. खरं नाव सांगितलं असतं तर यातलं काय मिळालं असतं, हे घरातल्या प्रत्येकाला न विचारता ठाऊक होतं.

गावात कुणी पाहू नये म्हणून डॉक्टर पुण्यातले निवडले. म्हणजे दर तपासणीला एक दिवसाची रजा आणि बसचे तासन्‌तास. तीन तपासण्यांनंतर जाणं लांबायला लागलं. ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या घ्यायच्या नाहीत, म्हणून त्याही पुण्याहूनच. वडिलांच्या शुगरच्या आणि आईच्या थायरॉइडच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर स्टीलच्या डब्यात असायच्या, हिच्या कपाटात साडीच्या घडीखाली. पाहुणे असले की कपाट उघडायची पंचाईत.

पाचव्या महिन्यात मावशीकडे वास्तुशांत होती. घरभर माणसं, एकाच खोलीत सहा जणी. गोळ्या नेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी तिला गरगरायला लागलं, मळमळ सुरू झाली, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. घरच्यांनी निष्कर्ष काढला: गोळ्यांची सवय लागली, आता त्या बंदच करायच्या. अडीच महिन्यांत आजार परतला, आणि या वेळी ‘सकाळी जागच आली नाही तर बरं’ असं तिच्या मनात रोज यायला लागलं.

इथे थोडं थांबते, कारण हा गैरसमज घरोघरी आहे. सवय लागते तेव्हा माणसाला औषधाची ओढ लागते, मात्रा वाढवावीशी वाटते. नैराश्यावरच्या या गोळ्यांचं तसं होत नाही. मेंदू त्यांना सरावलेला असतो, अचानक थांबवल्या की काही दिवस त्रास होतो. म्हणून डॉक्टर त्या हळूहळू उतरवतात. (झोपेच्या आणि घबराटीच्या काही गोळ्यांची मात्र खरंच सवय लागू शकते. त्या सहसा थोड्याच दिवसांसाठी असतात. आपल्या चिठ्ठीत कोणती गोळी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारून घ्यावं.) आई १४ वर्षं रोज उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेत होत्या. त्याला कुणी सवय म्हटलं नव्हतं.

दुसरी चूक वेळेची. परिणाम जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण फरक दिसायला सहा ते आठ. मळमळ, डोकेदुखी हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात आणि बहुतेकदा ओसरतात. त्यामुळे सुरुवातीला फक्त तोटाच दिसतो. पुढे बरं वाटलं की ‘आता कशाला?’ होतं. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल तर पूर्ण बरं वाटल्यापासून निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायचे नाहीत.

आजार असा परतल्यावर ती आमच्याकडे आली, तेव्हा मरणाच्या विचारांबद्दल तिला सरळ विचारलं. विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट एकटेपणा कमी होतो. तिच्याकडे ठरवलेली योजना नव्हती, तरी घरातला उंदराच्या औषधाचा डबा त्याच दिवशी हलवायला सांगितला आणि १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक तिच्या आणि आईच्या फोनमध्ये घातला. ही सरकारी सेवा मोफत, २४ तास चालते, मराठीतही बोलता येतं. औषध पुन्हा सुरू करण्याचं काम डॉक्टरांचं. ते साताऱ्यातल्याच मानसोपचारतज्ज्ञांकडे सुरू झालं. घरापासून वीस मिनिटांवर.

आता लग्न. हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये लग्न रद्द होण्याचं किंवा घटस्फोटाचं कारण म्हणून मानसिक आजाराचा उल्लेख आहे, पण अट आजाराच्या नावाची नाही. संमती देता येऊ नये किंवा माणूस संसाराला अपात्र ठरावा, इतका आजार असणं ही अट आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १९८८ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या एका खटल्यात हेच म्हटलं: नुसतं निदानाचं नाव पुरेसं नाही, तीव्रता पाहावी लागेल. एकेकाळी त्याच कायद्यात अपस्मार (फिट येणं) होता, तो १९९९ मध्ये वगळला गेला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ मध्ये निघालं. क्षय झालेल्या घरातली मुलगीही लोक करत नसत. शरीराच्या आजारांनाही असा डाग होता आणि उपचार हाती आल्यावर तो फिकट होत गेला.

उलट, महत्त्वाची गोष्ट कपटाने लपवली हा आरोप करून, ती कळल्यापासून एक वर्षाच्या आत लग्न रद्द करण्याचा अर्ज करता येतो. तो टिकेल का, हे प्रकरणावर अवलंबून. पण कोर्टाच्या कितीतरी आधी नवीन घरात गोळ्या पुन्हा साडीखाली जातील, आणि मग वास्तुशांतीचंच सगळं परत. शिवाय बाळाचा विचार करताना औषधांबद्दल डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं, आणि नवऱ्याला माहीत नसेल तर ते होत नाही.

म्हणून ठरलं ते असं. बायोडाटात लिहायचं नाही. कांदेपोह्यांना सांगायचं नाही. मध्यस्थाला तर नाहीच, कारण ‘डिप्रेशनच्या गोळ्या’ तिसऱ्या घरी पोचेपर्यंत ‘वेडाच्या गोळ्या’ होतात. दोघं एकदा-दोनदा निवांत भेटून पसंती दिसली की, याद्या व्हायच्या आधी, तिने स्वतः मुलालाच सांगायचं. वाक्यं तिनेच घडवली, आम्ही फक्त ‘थोडं टेन्शन होतं’ हे काढायला लावलं:

“मला दीड वर्षापूर्वी डिप्रेशन आलं होतं. मध्येच औषध बंद केलं म्हणून ते परत आलं. आता मी रोज एक गोळी घेते, नोकरी नीट चालू आहे. तुम्हाला हवं तर माझ्या डॉक्टरांना आपण दोघं भेटू.”

एवढंच. रडणं नाही, माफी नाही, सगळा इतिहासही नाही. ‘मुलांना होईल का?’ असं विचारलं तर खरं उत्तर असं: आई-वडिलांपैकी एकाला नैराश्य असेल तर शक्यता इतरांच्या दोन-तीन पट असते, पण बहुतेकदा होत नाही. मधुमेहही घराण्यात चालतो, हे वडिलांनी स्वतःच जोडलं.

ऑफिसला सांगायलाच हवं असं नाही. रजेच्या दाखल्यावर निदान न लिहिण्याची विनंती डॉक्टरांना करता येते, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर धरायचं, हेही त्याच कायद्यात आहे. पण अर्जात आजार लपवू नका, दावा नाकारला जाऊ शकतो.

पहिल्या मुलाने ऐकून घेतलं आणि चार दिवसांनी नकार कळवला. आई दोन रात्री झोपल्या नाहीत. मुलीने मात्र गोळी चुकवली नाही. दुसऱ्याने दोन प्रश्न विचारले: गोळी संपत आली की कोण लक्षात ठेवतं, आणि तुझं बिघडतंय हे मला कशावरून ओळखू येईल? पहाटे तीनची जाग आणि चुकणाऱ्या बेरजा, असं तिने सांगितलं. लग्नाचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या महिन्यातल्या तपासणीला तो बरोबर येणार आहे, साताऱ्यात, संध्याकाळी सहाला.