आधी पोरं, मग मॅनेजर

प्रिय,

मंगळवारी रात्रीचा तुझा मेसेज मी तीनदा वाचला. "काका फोन करू का" असं लिहून लगेच खाली "नको, झोपला असाल" असंही तूच लिहिलंस. झोपलो नव्हतो. पण फोनवर मी चिडलो असतो आणि तू गप्प ऐकून घेतलं असतंस, म्हणून हे पत्र. मराठीतच लिहितोय, कारण आतलं काही सांगायचं तर मला हीच भाषा सुचते, आणि रविवारच्या मराठी शाळेत तू जोडाक्षरं माझ्यासमोरच शिकलीस. हळूहळू वाच पण पूर्ण वाच.

तू विचारलंस की आपल्या लिटल लीगच्या, म्हणजे इथल्या लहान पोरांच्या बेसबॉलच्या, टीममध्ये बाराव्या, शेवटच्या जागेवर कोणाला घेऊ, तो लांब मारणारा पण तीनदा स्ट्राइक आऊट (चेंडू हुकवून बाद) झाला की हेल्मेट आपटणारा, की तो शांत सेकंड बेसवाला, दुसऱ्या बेसजवळ चेंडू अडवणारा. आणि मग खाली एका ओळीत, जणू काही विशेष नाही अशा थाटात, की ८ ते १० वर्षांच्या ऑलस्टार टीमची, म्हणजे लीगच्या सगळ्या टीममधून निवडलेल्या बारा पोरांच्या टीमची, मॅनेजर (मुख्य कोच) म्हणून तुला मेच्या पहिल्या आठवड्यातच नेमलंय, असिस्टंट कोण तेही ठरलंय, आणि हेल्मेट आपटणारा पोरगा त्या असिस्टंटचाच आहे. अगं, मग बाराव्या जागेचा प्रश्न राहिलाच कुठे? ती जागा मेमध्येच गेली. तू आता रात्री जागून जे करतेयस ते निवड नाही, झालेल्या निवडीला कारण शोधणं आहे.

माझं म्हणणं तुला माहितेय, गावातल्या सगळ्या लोकांना माहितेय, तरी परत लिहितो. आधी पोरं, मग मॅनेजर. यादी पूर्ण होईपर्यंत मॅनेजर कोण हे कुणालाच माहीत असता कामा नये, आणि ज्याला व्हायचंय त्यालासुद्धा नाही.

हिशोब कर ना. मॅनेजर एक, कोच दोन. तिघांची पोरं बहुतेक वेळा त्याच वयाची, कारण पोरगं खेळतं म्हणूनच बाप कोचिंगला आलेला असतो. म्हणजे तिघं आधी ठरले की १२ पैकी ३ जागा मतं घ्यायच्या आधीच भरल्या. त्यातला एखादा खरंच चांगला असतो, मान्य आहे, बापाने रोज घराच्या मागे तासभर ग्राउंडर्स, म्हणजे जमिनीलगतचे चेंडू, टाकलेले असतात त्याला. पण पहिली सात-आठ नावं तर कुणीही सांगेल, त्यावर कधी भांडण होत नाही. भांडण शेवटच्या चार जागांचं असतं, आणि त्या चारांतल्याच दोन-तीन अशा जातात, मग उरलेल्या एका जागेसाठी सहा पोरं रांगेत. नियमात मॅनेजरला लीगचा प्रेसिडेंट नेमतो आणि बोर्ड मंजुरी देतं, तो त्याच सीझनमध्ये त्या डिव्हिजनला (वयोगटाला) मॅनेजर किंवा कोच असलेला हवा, ठीक आहे, ते सगळं यादी झाल्यावर दुसऱ्या दिवशी करता येतं. मेमध्ये नेमणं ही आपल्या लीगची नुसती सवय आहे.

मी हे एवढं ताणून का धरतो ते तुला कधी सांगितलं नाही. सांगलीला आठवीत असताना मी जिल्ह्याच्या खो-खो निवड चाचणीला गेलो होतो. सकाळी सहाची एसटी, डब्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. जीव तोडून खेळलो. दुपारी पाणी प्यायला ऑफिसच्या मागे गेलो तर टेबलावर यादी होती, टाइप केलेली, शाई वाळलेली. चाचणी अजून चालू होती. त्या दिवशी मनाशी म्हटलं की आपल्या हातात कधी असं काही आलं तर हे करायचं नाही.

आणि मग मी तेच केलं. २००९ मध्ये दहा वर्षांवाल्यांच्या टीमचा मॅनेजर मी होतो, मेमध्येच नेमलेला, आणि माझा मुलगा बारावा गेला. त्याची जागा नव्हती. मला माहीत होतं, कारण स्कोअरबुक मीच ठेवायचो. ज्याची जागा होती तो एक सेकंड बेसवाला होता, बारीक अंगाचा, हिट्स फार नाहीत पण चेंडू नीट बघायचा, वॉक काढायचा (चार वाईट चेंडू सोडून फुकट बेस मिळवायचा), चारातल्या जवळजवळ दोन वेळा बेसवर असायचा, आणि चेंडू आला की कधी मागे सरकला नाही. मी स्वतःला काय काय सांगितलं, की माझ्या मुलाचा हात चांगला आहे, तो आउटफिल्डला पण चालेल, टीमला गरज आहे. अगदी तू आता जी कारणं लिहिलीस ना तीच. त्या मुलाला यादी कळली शाळेत, जेवणाच्या सुट्टीत, माझ्याच मुलाकडून. पुढच्या स्प्रिंगला त्याने नाव नोंदवलं नाही. त्याची आई मला एकदा दुकानात भेटली, नीट हसून बोलली, काही म्हणाली नाही. मला ते हसणं अजून दिसतं.

तिथून पुढे मी अडून बसलो. कोचिंग सोडलं, प्लेयर एजंट, म्हणजे लीगमध्ये खेळाडूंची निवड बघणारा, झालो, त्या पदावर असताना आपल्या डिव्हिजनला कोचिंग करता येत नाही आणि मला तेच हवं होतं. २०१० च्या हिवाळ्यात बोर्डाकडून क्रम बदलून घेतला. पाच गटांनी मतं द्यायची, खेळाडू, मॅनेजर, कोच, अंपायर आणि बोर्डाची माणसं, ही गटांची कल्पना माझी नाही, लिटल लीगच्या टूर्नामेंटच्या सूचनांमध्येच आहे. मतपत्रिका गुप्त. मोजणी दोघांनी. आणि मॅनेजरचं नाव त्यानंतर. किती वाईटपणा आला म्हणून सांगू. ज्यांच्याबरोबर मंडळाचा गणपती बसवत होतो त्यातल्या एकाने दोन वर्षं माझ्याशी बोलणं टाकलं. पहिल्याच वर्षी आमचा सगळ्यात हुशार कोच म्हणाला की माझ्या मुलाची खात्री नसेल तर मी थांबत नाही, आणि मुलाला घेऊन ट्रॅव्हल बॉलला, म्हणजे लीगबाहेरच्या खासगी टीममध्ये, गेला. आम्ही डिस्ट्रिक्टच्या स्पर्धेत लागोपाठ दोन मॅच हरून घरी आलो. लोक म्हणाले बघा, तुमच्या तत्त्वाने टीम बुडवली. बुडाली असेल. मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणतो, पोराची जागा पक्की असेल तरच येणारा कोच आपल्या पोराचा कोच असतो, टीमचा नाही. आणि त्या वर्षीच्या बाराही पोरांना माहीत होतं की आपण इथे का आहोत.

तुला आता एक सांगतो. २०११ ला दहा वर्षांवाल्यांमध्ये तुझं नाव आलं ना, ते कोचांच्या मतांनी नाही आलं. कोचांच्या पत्रिकांवर तू बाराच्या आत नव्हतीस. पोरांनी तुला आणलं. जवळजवळ प्रत्येक पत्रिकेवर तुझं नाव, काहींनी स्पेलिंग चुकवलेलं, कारण तुझ्या पिचिंगवर आपण आऊट होतो हे त्यांना माहीत होतं, तू मुलगी आहेस हे बघायला त्यांना वेळ नव्हता. आपल्याच न्यू जर्सीत, होबोकनला, १९७२ मध्ये मारिया पेपी या मुलीला तीन मॅचनंतर टीम सोडावी लागली होती, केस झाली तेव्हा कुठे १९७४ ला लिटल लीगने मुलींना दार उघडलं. मॅनेजर आधी ठरला असता तर तू त्या उन्हाळ्यात खेळली नसतीस. आणि त्याच आठवड्यात बारा वर्षांवाल्यांच्या यादीत माझा मुलगा नव्हता. मीच आणलेल्या क्रमाने त्याला बाहेर ठेवलं. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही, त्याची आईसुद्धा म्हणाली की एवढं काय अडलं होतं तुमचं. मी बरोबर होतो. मी त्याला आधी जवळ बसवून सांगायला हवं होतं एवढंच चुकलं, पण क्रम बरोबर होता.

बरं, तुझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर टाळत नाही. हेल्मेट आपटण्याचं मला फार वाटत नाही, दहा वर्षांचं पोर आहे, शिकेल. तू बघ की जुलैत तुला काय लागणार आहे. ९-१० वर्षांच्या पोराला दिवसाला ७५ पिचेस (पिचरने बॅटरला टाकलेले चेंडू), ८ वर्षांच्याला ५०. ६६ किंवा जास्त टाकल्या की चार दिवस विश्रांती, २० पर्यंत टाकल्या तरच दुसऱ्या दिवशी परत टाकता येतं. ४१ किंवा जास्त टाकल्या तर त्या दिवशी कॅचरही (बॅटरच्या मागे चेंडू पकडणारा) होता येत नाही. आठवड्यात तीन-चार मॅच आल्या की दोन भारी पिचर कुठे पुरतात? साधे, स्ट्राइक टाकणारे पाच-सहा हात लागतात, आणि तीन कॅचर, कारण जुलैच्या उन्हात त्या किटमध्ये एकटं पोरगं वितळतं. लांब मारणारे सगळ्याच टीमकडे असतात. तुझा सेकंड बेसवाला वीस पिचेस टाकू शकतो का? विचारलंस का कधी त्याला? आणि शनिवारच्या दोन तासांच्या ट्रायआउटवर (निवड चाचणीवर) जाऊ नकोस, तिथे ज्यांनी हिवाळाभर पैसे भरून लेसन घेतलेत ती पोरं चमकतात, तू एप्रिल-मेचं स्कोअरबुक बघ, आणि बॅटिंग ॲव्हरेजऐवजी किती वेळा बेसवर गेला ते बघ. पण हे सगळं तू एक मत म्हणून बघायचं, बाकीच्या कोचांसारखं एक. निवडणारी म्हणून नाही.

मध्येच एक राहून जाईल म्हणून, आपल्या लोकांची तिकिटं. शाळा सुटली की पुणे-मुंबईची तिकिटं जानेवारीतच काढलेली असतात, आजी-आजोबा वाट बघत असतात, आणि ऑलस्टार नावाचं काही जून-जुलैत असतं हे पहिल्या पिढीच्या आईबापांना कुणी सांगितलेलंच नसतं. ज्यांचे वडील स्वतः इथे खेळलेत त्यांना सगळं ठाऊक असतं. मग मेमध्ये एक पोरगं निवडलं जातं आणि त्याचं विमान २४ जूनला असतं, आणि बोर्डावरचं कुणीतरी म्हणतं की ही कुटुंबं सीरियस नसतात. मला याचा फार राग येतो. जानेवारीच्या नोंदणीच्या फॉर्मवरच तारखा छापा, हे मी सहा वर्षं सांगितलं, दोनदा छापल्या. पुढच्या वर्षी तू हे लावून धर.

तू लिहिलंस की "इट्स जस्ट किड्स बेसबॉल काका". नाही. २०१४ ला शिकागोची जॅकी रॉबिन्सन वेस्ट अमेरिकेतली चॅम्पियन झाली, सगळ्या देशाने कौतुक केलं, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत किताब काढून घेतला, कारण मोठ्यांनी लीगच्या हद्दीबाहेरची पोरं घेतली होती आणि नकाशा बदलला होता. २००१ ला ब्राँक्सच्या टीमचा एक पिचर विल्यम्सपोर्टला, लिटल लीगच्या वर्ल्ड सिरीजमध्ये, परफेक्ट गेम (एकाही बॅटरला बेसवर न जाऊ देता) टाकून गेला आणि मग कळलं की तो १२ चा नाही १४ चा आहे, जन्माचा दाखला खोटा. दाखला पोराने बनवला नव्हता, पण आज लोकांना नाव आठवतं ते पोराचंच. तुझा असिस्टंट असलं काही करणारा नाही, भला माणूस आहे, मी ओळखतो त्याला, मैदानाला चुना मारायला सकाळी सातला हजर असतो. पण मोठे लोक आपल्या सोयीने आधी ठरवतात आणि किंमत पोरं मोजतात हे जिथून सुरू होतं ती जागा हीच.

आता करायचं काय. राजीनामा देऊ नकोस, तसलं नाट्य नको. प्रेसिडेंटला दोन ओळी लिही की यादी होईपर्यंत माझं आणि असिस्टंटचं नाव बाजूला ठेवा, यादी झाल्यावर बोर्डाला योग्य वाटलं तर आम्ही आहोतच. असिस्टंटला मात्र ईमेल नको, समोर जाऊन सांग, पार्किंगमध्ये, त्याचा मुलगा जवळ नसताना. तो चिडेल. तू "सॉरी" म्हणत बसू नकोस, तुझी ती सवय मला लहानपणापासून माहितेय, पिच अंगावर गेला की बॅटरला तीनदा सॉरी म्हणायचीस. एकदा पुरे. कदाचित तो टीम सोडेल, कदाचित बोर्ड तुलाच बदलेल. बदलू दे. मग पुढच्या वर्षी परत विचार. मी जुन्या मतपत्रिकांचा नमुना स्कॅन करून पाठवतो, त्यात कोचांच्या पत्रिकेवर नावापुढे पोझिशनचा रकाना आहे, त्यामुळे "टीम जुळत नाही" ही तक्रार निम्मी मिटते.

आणि जी पोरं यादीत नसतील त्यांच्या घरी फोन तू करायचा, मॅनेजर असलीस किंवा नसलीस तरी. तुझ्या टीममध्ये तीन-चार असतील अशी. यादी वेबसाइटवर पडायच्या आधी, सकाळी नऊच्या आत, आणि आईबापांशी बोलून झालं की पोराला फोन द्यायला सांग. काय बोलायचं ते लिहून ठेव. मी २००९ ला हा फोन केला नाही, नंबर समोर होता.

तुझा,
काका